आडनावाने कोणता गुन्हा केला?

नोव्हेंबर २००८ मध्ये मुंबईवर हल्ला झाला तेव्हा मला शाळेत लागून चार वर्षे झाली होती. शाळा तालुक्याच्या गावातली, मराठी माध्यमाची. मी मराठी शिकवतो आणि ज्या मुलांनी उर्दू घेतली आहे त्यांना उर्दू. त्या वर्षी सहावीचा वर्ग माझ्याकडे होता. हल्ला बुधवारी रात्री झाला. पुढच्या काही दिवसांत जिवंत पकडलेल्या त्या पोराचे नाव सगळ्या वाहिन्यांवर आणि सगळ्या वर्तमानपत्रांत आले. त्याच सुमारास एका सकाळी मी हजेरी घ्यायला उभा राहिलो. आमच्या पटावर मुलांची नावे आडनावाच्या क्रमाने असत. कदम झाला. त्याच्या पुढचे नाव घेताना मी थांबलो, कारण ते आडनाव कसाब होते.

मी थांबलो हेच चुकले. नेहमीच्या वेगाने वाचले असते तर कदाचित निम्म्या वर्गाच्या लक्षातही आले नसते. मागच्या बाकावरून कुणीतरी फिस्सकन हसले, मग सगळेच हसले. मुलगा उभा राहिला, "हजर सर" म्हणाला आणि खाली बसला. अकरा वर्षांचा पोरगा. वडिलांचे बाजारात मटणाचे दुकान, आजोबांचेही तेच.

पुढचे दोन महिने त्याने काय काय ऐकले ते सगळे मला माहीत नाही. मैदानावर तो आला की "कसाब आला, झोपा" असे ओरडून पोरे जमिनीवर लोळण घेत. त्यांच्यासाठी तो खेळ होता, आणि त्या खेळात मुसलमान पोरेही होती हे सांगायला हवे. त्याच्या बाकावर कर्कटकाने कुणीतरी बंदूक कोरली. मी रागावलो, दोन-तीन पालकांना बोलावून घेतले. हजेरीत त्याचे आडनाव गाळून नुसते पहिले नाव घेऊ लागलो. मला वाटत होते, मी त्याला वाचवतोय. आज वाटते, हे आडनाव मोठ्याने घेण्यासारखे राहिलेले नाही, असेच मी रोज सकाळी वर्गाला सांगत होतो.

फेब्रुवारीत मुलगा शाळा बुडवू लागला. मी त्याच्या वडिलांना शनिवारी शाळा सुटल्यावर बोलावले आणि म्हणालो, "चाचा, आडनाव बदलून घ्या. कायद्याने बदलता येते." ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "सर, जागेचा उतारा ह्या नावाचा आहे. वालिदसाहेबांचं रेशनकार्ड ह्या नावाचं. पाकिस्तानातल्या कुठल्या पोरानं केलं म्हणून मी माझ्या बापाचं नाव पुसू?"

माझ्याकडे उत्तर नव्हते. पण बी.एड.ची पदवी होती. बालमानसशास्त्राच्या पेपरात लिहिलेले सगळे मी त्यांच्यापुढे ओतले. मुलाच्या मनावर परिणाम, न्यूनगंड, शिक्षणातली गळती. शेवटी "तुमच्या मानापेक्षा मुलाचे भविष्य मोठे आहे" असेही म्हणालो. बापाला असे म्हटल्यावर तो काय बोलणार? प्रतिज्ञापत्र झाले, राजपत्रात नावबदल छापून आला, शिक्षणाधिकाऱ्यांची परवानगी आली. जून २००९ मध्ये सातवीच्या पटावर तो मुलगा कुरेशी म्हणून आला. शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये जुन्या आडनावावर लाल शाईची एक रेघ आणि वर नवे आडनाव, शेजारी आदेशाचा क्रमांक. ते अक्षर माझेच आहे.

कितीतरी वर्षे मी हे माझ्या नोकरीतले एक चांगले काम म्हणून मोजत होतो. आता तसे मोजत नाही.

कसाब म्हणजे काय? अरबी शब्द 'कस्साब', म्हणजे खाटीक. धंद्याचे नाव आहे. जसे आत्तार, तांबोळी, बागवान, पिंजारी, मणियार, शिकलगार. आपल्या महाराष्ट्रातल्या मुसलमानांची निम्मी आडनावे अशी दुकानाच्या पाटीवरून किंवा गावकीच्या कामावरून आलेली आहेत. आमचे स्वतःचे आडनाव दर्ग्याच्या चाकरीवरून आले. उरलेली पाटील, देशमुख, इनामदार, दळवी अशी, जी शेजारच्या हिंदू घरावरही दिसतात. पाकिस्तानातल्या ओकारा जिल्ह्यातल्या त्या अजमलचे आडनावही असेच, पिढीजात धंद्यावरून चिकटलेले. त्याने जे केले त्याचा बकरा कापणाऱ्या कुठल्याही माणसाशी काही संबंध नव्हता. पण खबरा वाचणाऱ्या देशाला 'मोहम्मद अजमल' हे नाव लांब वाटले असावे. अजमल नावाची माणसे भरपूर होती, मोहम्मद तर विचारूच नका. कसाब हे आडनाव मात्र फारसे कुणी ऐकलेले नव्हते. मथळ्यात बसणारे, तीन अक्षरी, आणि ज्यांना अर्थ माहीत होता त्यांना वाटले की अर्थही बरोबर जुळला. बिचारे आडनाव तिथेच सापडले.

बदनाम माणसामुळे आडनाव कधी मरते आणि कधी तगते, हे मी नंतर शोधत गेलो. गुन्हा जितका मोठा तितकी आडनावाची बदनामी मोठी असेल, असे आधी वाटायचे. तसे दिसत नाही.

सगळ्यात मोठे उदाहरण हिटलरचे. हे आडनाव मुळात फार थोड्या घरांत होते आणि तेही पक्के नव्हते. हिटलरचा बाप आलोइस हा जन्माने शिकलग्रुबर. १८७६ मध्ये, वयाच्या चाळिशीजवळ, त्याने आडनाव बदलून हिटलर घेतले. त्याच आडनावाची हिडलर, हुट्लर अशी रूपेही त्या भागात होती. आज जर्मनीत हिटलर आडनावाचे घर जवळजवळ सापडत नाही. खुद्द त्याचा सावत्र पुतण्या विल्यम पॅट्रिक हिटलर लिव्हरपूलमध्ये जन्मला, अमेरिकेत गेला, दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या नौदलात काकाच्या विरुद्ध बाजूने नोकरी केली. युद्ध संपल्यावर त्याने आडनाव टाकले आणि स्टुअर्ट-ह्यूस्टन या नावाने उरलेले आयुष्य काढले. मी त्याला दोष देणार नाही.

आता त्याच राजवटीतला दुसरा माणूस घ्या. गेस्टापो या गुप्त पोलीसदलाचा प्रमुख होता हाइनरिख म्युलर. लाखो ज्यूंना मरणाच्या छावण्यांकडे पाठवणाऱ्या यंत्रणेतला हा वरच्या पायरीवरचा अधिकारी. १९४५ मध्ये बर्लिन पडले तेव्हा तो नाहीसा झाला. आणि म्युलर हे आडनाव? ते आजही जर्मनीतले सर्वांत जास्त घरांत असलेले आडनाव आहे. अर्थ आहे गिरणीवाला, पीठ दळणारा. म्हणजे कसाबसारखेच धंद्याचे आडनाव! म्युलर आडनावाच्या एकाही मुलाला शाळेत गेस्टापोवरून कुणी चिडवले नसेल. कारण ऐकणाऱ्याच्या मनात म्युलर म्हटल्यावर आधी शेजारचा म्युलर उभा राहतो, मग पोस्टातला, मग फुटबॉल खेळणारा गेर्ड म्युलर. गेस्टापोवाल्याचा नंबर लागेपर्यंत विषय बदललेला असतो.

मला यातून जे कळले ते साधे आहे. आडनावामागे आपण आधीपासून किती चेहरे ओळखतो, यावर सगळे ठरते. शंभर चेहरे ओळखीचे असतील तर एकशे एकावा कितीही दुष्ट निघो, आडनावाला धक्का लागत नाही. एकही ओळखीचा नसेल, तर पहिला जो चेहरा टीव्हीवर येईल तोच त्या आडनावाचा मालक होतो.

आपल्याकडेही हेच आहे. अफजलखानाच्या बाजूने वकील म्हणून आलेला कृष्णाजी भास्कर कुलकर्णी. शाळेत हा प्रसंग शिकवताना वर्गात दोन-तीन कुलकर्णी बसलेले असतात. त्यांच्याकडे कुणी वळून पाहत नाही आणि पाहू नयेच. प्रत्येक गावाला कुलकर्णी होता, तेव्हा एका कृष्णाजीने काय बिघडणार? सूर्याजी पिसाळाचे तर नावच मराठीत फितुरीसाठी वापरतात. १६८९ मध्ये रायगड मोगलांच्या हाती गेला तो त्याच्या फितुरीमुळे, अशी ती कथा. याला अस्सल कागदांत आधार नाही असे म्हणणारे अभ्यासकही आहेत, पण म्हण अभ्यासकांना विचारून रूढ होत नाही. तरी पिसाळ आडनाव गेले का? वाईच्या बाजूला ते ताठ मानेने नांदते आहे, त्या आडनावाचे आमदार झाले, मंत्री झाले. लोक शिवी देताना पूर्ण 'सूर्याजी पिसाळ' म्हणतात, त्यामुळे आडनाव सुटले. आणि सूर्याजी नावही सुटले, कारण सिंहगडावर तानाजी पडल्यावर मावळ्यांना मागे फिरवणारा भाऊ सूर्याजी मालुसरेच होता.

आणि मग गोडसे. हे उदाहरण मुसलमान लेखकाने घेतले की काही वाचकांच्या कपाळाला आठी पडते, म्हणून आधीच सांगतो, मी या आडनावाच्या बाजूने बोलणार आहे.

३० जानेवारी १९४८ ला गांधीजींचा खून झाला. त्यानंतर सातारा, सांगली, कोल्हापूर या भागांत ब्राह्मणांची घरे जाळली गेली. कोल्हापुरात भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ जळाला. जमाव घरावर चालून गेला तो आडनाव पाहून. ज्यांचा खुनाशी काही संबंध नव्हता अशा माणसांनी रात्रीत गाव सोडले आणि पुण्या-मुंबईला कायमचे गेले. एका माणसाचा गुन्हा त्याच्या आडनावाच्या, जातीच्या सगळ्यांवर वसूल करणे म्हणजे काय, हे महाराष्ट्राने तेव्हा पाहिले. आपल्या लोकांनी हा इतिहास विसरू नये. आज ज्या गोष्टीची आपण तक्रार करतो तीच तेव्हा दुसऱ्यांच्या वाट्याला आली होती.

पण गोडसे आडनाव नथुरामाच्या आधीही होते. पेण तालुक्यातल्या वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ च्या धामधुमीत उत्तरेत गेले, झाशीचा वेढा डोळ्यांनी पाहिला आणि 'माझा प्रवास' लिहून ठेवला. १९०७ मध्ये ते पुस्तक छापून आले. बंडाच्या काळाचे इतके जिवंत मराठी वर्णन दुसरे नाही, मी ते मुलांना आवर्जून वाचायला देतो. २०१४ मध्ये नाशिकने हेमंत गोडसे यांना खासदार म्हणून निवडून दिले. मतदाराने आडनाव पाहून हात मागे घेतला नाही. त्यांना अडचण आली ती दिल्लीत. संसदेच्या असंसदीय शब्दांच्या यादीत चक्क 'गोडसे' हा शब्द होता. त्याच वर्षी डिसेंबरात राज्यसभेत तो कामकाजातून काढला गेला. तेव्हा या खासदारांनी दोन्ही सभागृहांच्या पीठासीनांना पत्र लिहिले, की हे माझे आडनाव आहे, ते असंसदीय कसे? पुढच्या वर्षी, एप्रिल २०१५ मध्ये, लोकसभेच्या तेव्हाच्या अध्यक्ष सुमित्रा महाजन यांनी दुरुस्ती केली. नुसते गोडसे आडनाव यादीतून गेले, नथुराम गोडसे हे पूर्ण नाव राहिले.

मला ही दुरुस्ती फार आवडली. राजकारण बाजूला ठेवा. एका माणसाने लेखी विचारले की माझ्या आडनावाने काय केले, आणि देशाच्या सर्वोच्च सभागृहाने गुन्हेगार वेगळा काढून आडनाव मोकळे केले. असेच व्हायला हवे. माझ्या वर्गातला पोरगा असे पत्र कुणाला लिहिणार होता? त्याने लिहायचे ते मला. आणि मी त्याला राजपत्राचा फॉर्म दिला.

आता थोडे आपल्या घरात डोकावतो, कारण आपणही नावांशी असेच वागतो. यजीद हे नाव हिंदुस्थानात कुणी मुलाला ठेवील का? करबलानंतर आपल्याकडे ते शिवीसारखेच झाले. पण प्यारे नबींच्या सहाब्यांत यजीद बिन अबी सुफियान होते, करबलाच्या यजीदचे काका, शामच्या मोहिमेतले सेनापती. बायजीद बुस्तामी या थोर सूफींचे नावही मुळात अबू यजीद. अल्जीरिया-मोरोक्कोकडे आजही मुलांची नावे यजीद असतात आणि तिथले लोक आपल्याइतकेच मुसलमान आहेत. दुसरीकडे पाहा, हजरत अलींना ६६१ मध्ये कुफ्याच्या मशिदीत तलवारीने मारणारा इब्ने मुल्जम, त्याचे नाव अब्दुर्रहमान होते. करबलात इमाम हुसैन यांच्यावर चालून आलेल्या फौजेचा म्होरक्या उमर बिन साद. अब्दुर्रहमान आणि उमर ही नावे कुणी सोडली का? प्रत्येक मोहल्ल्यात पाच-पाच सापडतील. प्लासीचा मीर जाफर आणि श्रीरंगपट्टणमचा मीर सादिक, या दोघांना इकबालनी 'जावेदनामा'त एकत्र आणून जी जागा दिली ती वाचून अंगावर काटा येतो. पण जाफर सादिक हे तर इमामांचे नाव! त्यामुळे दोन्ही शब्द वाचले.

आणि खान? खान ही मंगोलांची पदवी. १२५८ मध्ये बगदाद बुडवून अब्बासी खिलाफत संपवणारा हुलागू खानच होता आणि तेव्हा तो मुसलमानही नव्हता. मुसलमानांचे इतके नुकसान दुसऱ्या कुणी केले नसेल. तोच शब्द आज आपल्या सर्वांत जास्त घरांच्या दारावर आहे. २००९ मध्ये अमेरिकेच्या नेवार्क विमानतळावर शाहरुख खानला अडवून ठेवले, तेव्हा पेपरांनी लिहिले की आडनावामुळे अडवले. भारतातल्या माणसाला मात्र हसू आले, कारण इथे खान म्हटले की आधी तोच आठवतो.

थोडक्यात, हे चेहऱ्यांचे गणित आपल्यालाही लागू आहे.

सहीह बुखारीत एक रिवायत आहे. हज्न नावाचे एक गृहस्थ हुजूरांकडे आले. हज्न म्हणजे खडबडीत, अवघड. हुजूर म्हणाले, तू सहल आहेस, म्हणजे सोपा, सुलभ. ते म्हणाले, वडिलांनी ठेवलेले नाव मी बदलणार नाही. त्यांचे नातू सईद बिन मुसय्यब, मोठे आलिम, म्हणत की तो खडबडीतपणा आमच्या घराण्यात नंतर राहिलाच. ही रिवायत मी तेव्हा त्या वडिलांना सांगितली होती, नाव बदलणे कसे चांगले याला आधार म्हणून. आता वाचतो तेव्हा दुसरीकडे लक्ष जाते. तिथे नाव बदलायला सांगितले ते अर्थ चांगला नव्हता म्हणून. कुठल्या परक्या माणसाने गुन्हा केला म्हणून नव्हे. आणि त्यांनी नाही म्हटले तेव्हा त्यांच्यावर जबरदस्ती झाली नाही. मी मात्र केली, गोड बोलून.

अजून एक गोष्ट कबूल करायची राहिली, जी मला स्वतःला उशिरा दिसली. मी कुरेशी हेच आडनाव का सुचवले? कारण ते तयार होते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या काळात उत्तर हिंदुस्थानातल्या कस्साबांनी कुरेशी म्हणवून घ्यायला सुरुवात केली. जुलाहे अन्सारी झाले, पिंजारे मन्सुरी झाले. त्यात स्वाभिमान होता, संघटना होती, ते मी हलके लेखत नाही. ज्यांना वरच्या म्हणवणाऱ्या मुसलमानांनी दस्तरखानावर शेजारी बसवले नाही, त्यांनी चांगले नाव घेतले तर बोट दाखवणारे आपण कोण? पण त्यामागे हेही होते की धंद्याचे नाव सांगायची लाज वाटावी अशी आपली जमात आहे. बराबरीच्या गोष्टी आपण जुम्म्याला ऐकतो आणि सोयरिकीच्या वेळी आडनाव विचारतो. त्या मुलाच्या आडनावाचे पाय आधीच ढिले झालेले होते, अजमलने धक्का दिला आणि ते पडले. आत्तार आडनावाचा दहशतवादी पकडला असता तर मी त्या बापाला इतक्या सहज आडनाव बदलायला सांगितले असते का? मला वाटत नाही. अत्तर विकणे आणि मटण विकणे यात माझ्याही मनात कुठेतरी फरक होता.

हल्ल्यात मारल्या गेलेल्या नऊ दहशतवाद्यांना मुंबईच्या बड्या कब्रस्तानात जागा द्यायला मुस्लिम जामा मशीद ट्रस्टने साफ नकार दिला होता. प्रेते वर्षभर शवागारात पडून राहिली, शेवटी जानेवारी २०१० मध्ये सरकारने ती गुपचूप कुठेतरी पुरली. मुंबईच्या मुसलमानांनी त्यांना दोन गज जमीन नाकारली आणि त्याच वेळी मी, इकडे तालुक्याच्या गावात, त्यातल्या जिवंत राहिलेल्या दहाव्याला एक अख्खे आडनाव देऊन टाकत होतो. घे, हे तुझे, आमचे नाही. हिशेब मांडला तर असाच होतो. त्याला २१ नोव्हेंबर २०१२ ला येरवड्यात फाशी झाली. आडनाव काही त्याच्याबरोबर गेले नाही, आणि परतही आले नाही.

मग आई-बापांनी काय करावे? मला सल्ला देण्याचा हक्क राहिलेला नाही. मुलाला रोज रडत घरी येताना पाहणाऱ्या बापाने आडनाव बदलले तर तो भित्रा ठरत नाही. त्या नावाचे ओझे वाहायला मी जाणार नसतो, ते पोर जाणार असते. शिक्षकांना मात्र सांगू शकतो. पटावर जे आडनाव आहे ते न थांबता, त्याच आवाजात, कदम आणि कांबळेच्या मध्ये वाचा. आणि वर्ग हसला तर त्या दिवशीचा तास सोडून त्या आडनावाचा अर्थ फळ्यावर लिहा. कदमचा, कांबळेचा, तुमचाही लिहा. एवढे मला तेव्हा करता आले असते. एका तासाचे काम होते.

२०१५ च्या जूनमध्ये तो मुलगा वडिलांबरोबर शाळेत आला. बारावी सायन्स झाला होता, इंजिनिअरिंगला जायचे होते. ओबीसीच्या दाखल्याला आणि जात पडताळणीला १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो. त्यांनी आजोबांच्या जिल्हा परिषद शाळेतून प्रवेशाचा उतारा शोधून आणला होता, पिवळा पडलेला. त्यावर आडनाव कसाब. मुलाच्या दाखल्यावर कुरेशी. कचेरीतल्या माणसाने विचारले होते, हे आजोबा तुमचेच कशावरून? राजपत्राची प्रत दिली होती, तरी शाळेच्या मूळ नोंदीचा उतारा आणा म्हणून सांगितले होते.

मी कपाटातून जनरल रजिस्टर काढले. पान सापडले. लाल रेघेखाली जुने अक्षर स्पष्ट वाचता येत होते. खोडायचे नाही, एक रेघ मारून वर लिहायचे, हा नियम आहे म्हणून. वडिलांनी त्या अक्षरावर बोट ठेवले आणि विचारले, "सर, हे परत पहिल्यासारखं करता येतं का?"

मी काही बोलायच्या आधी मुलगाच म्हणाला, "अब्बा, आता नको. दहावी-बारावीच्या मार्कशीट सगळ्या कुरेशीच्या आहेत. परत सगळं बदलायला लागेल."

वडील गप्प राहिले. मी उताऱ्याच्या दोन प्रती केल्या, शाळेचा शिक्का मारला आणि मुख्याध्यापकांची सही घ्यायला स्वतः आत गेलो. परत आलो तेव्हा मुलगा रजिस्टर खिडकीपाशी नेऊन मोबाइलवर त्या पानाचा फोटो काढत होता. पहिला नीट आला नव्हता, म्हणून दुसरा काढत होता.